नखरा ठेवा, पण मात्रा मोजून: फिगर स्केटिंगच्या स्पर्धेत नव्याने उतरणाऱ्यांसाठी

काही मुलं बर्फावर आली की सगळ्या रिंकच्या माना वळतात. अजून धड डबल अ‍ॅक्सेलही (अडीच फेऱ्यांची जंप) बसलेला नसतो, पण हात कसा फेकायचा, मान कुठे झटकायची, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. अशा मुलांचे प्रशिक्षक बहुतेक दोनपैकी एक चूक करतात. एक तर 'आधी जंप, मग नाटकं' म्हणत सगळा ठसका दाबून टाकतात, नाही तर टाळ्या पडतात म्हणून सगळं चालवून घेतात. दोन्हीकडे गुण जातात.

अमेरिकेचा ख्रिस्तोफर बोमन 1989 आणि 1992 चा राष्ट्रीय विजेता. प्रेक्षकांना खिशात घालावं तर त्यानेच. 1990 च्या हॅलिफॅक्स जागतिक स्पर्धेत त्याने ठरलेली रचना सोडून ऐन बर्फावर मनाला येईल तसं स्केटिंग केलं. कांस्य मिळालं, पण बसवलेला प्रोग्रॅम वाया गेला आणि प्रशिक्षकाशी असलेलं नातंही टिकलं नाही. सुचेल ते करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. ते कुठे करायचं, हे मात्र ठरलेलं नव्हतं. हा लेख त्या 'कुठे'बद्दल आहे.

खालचे आकडे 2022-23 पासूनच्या आयएसयू (आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना) पद्धतीचे आहेत. नियम हंगामागणिक बदलतात, त्यामुळे आपल्या वर्षाचं परिपत्रक काढून प्रशिक्षकासोबत एकदा वाचाच.

1. आधी गुणांचं गणित डोक्यात बसवा

2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधल्या परीक्षण घोटाळ्यानंतर जुनी 6.0 ची पद्धत मोडीत निघाली. आता दोन खाती आहेत. तांत्रिक खात्यात प्रत्येक घटकाला मूळ मूल्य असतं आणि त्यावर परीक्षक उणे 5 ते अधिक 5 अशी दर्जाची श्रेणी देतात. दुसरं खातं कंपोनंट्सचं. त्यात तीन रकाने असतात: कॉम्पोझिशन, प्रेझेंटेशन आणि स्केटिंग स्किल्स. प्रत्येकी कमाल 10, आणि गुण पाव-पाव अंकाने चढतात.

बऱ्याच जणांची समजूत असते की व्यक्तिमत्त्व म्हणजे कंपोनंट्स, तेव्हा ठसका असला की तिथे भरपाई होईल. हिशोब करून पाहू. पुरुषांच्या फ्री स्केटमध्ये (दोन फेऱ्यांपैकी मोठी; छोटी ती शॉर्ट प्रोग्रॅम) प्रत्येक कंपोनंटला 3.33 ने गुणतात, महिलांच्या 2.67 ने. ट्रिपल अ‍ॅक्सेलचं मूळ मूल्य 8.00. अधिक 2 दर्जाचा स्वच्छ अ‍ॅक्सेल झाला तर 9.60. त्याच जंपवर पडलात तर दर्जाचे 4.00 आणि पडण्याचा 1 गुण जाऊन हातात राहतात 3.00. फरक 6.60 चा. तो एकट्या प्रेझेंटेशनमधून भरून काढायचा तर पुरुषांत तो रकाना जवळपास 2 अंकांनी वर न्यावा लागेल, म्हणजे 7.00 वरून 9.00 वर. एका स्पर्धेत असं होत नसतं. शिवाय गंभीर चूक झाली की कंपोनंट्सनाही वरून मर्यादा येते. म्हणजे पडल्यावर कितीही गोड हसलात तरी छत खाली आलेलंच असतं.

उलट बाजूही तितकीच खरी. अमेरिकेचा जेसन ब्राउन 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये एकही क्वाड (चार फेऱ्यांची जंप) न करता सहावा आला. त्याच्या हालचालीत रिकामी जागा नसते, आणि तरीही घटक स्वच्छ होतात. 'क्वाड नाही म्हणजे संपलं' म्हणणाऱ्यांनी आणि 'भाव असले की पुरे' म्हणणाऱ्यांनीही त्याची गुणपत्रिका शोधून वाचावी.

2. नखऱ्याची जागा कागदावर लिहा

लावणीत अदा अगदी आत्ता सुचल्यासारखी वाटते, पण ती ढोलकीच्या ठरलेल्या मात्रेवर पडते. इथेही तसंच करायचं. संगीत लावून सेकंदांचा तक्ता बनवा. रकाने पाच: वेळ, घटक, श्वास, नजर, हावभाव. सीनियर फ्री स्केट 4 मिनिटांचं, 10 सेकंद इकडे-तिकडे चालतात. शॉर्ट प्रोग्रॅम 2 मिनिटं 40 सेकंदांचा, तीच सूट. फ्री स्केटमध्ये 'इथे मी प्रेक्षकांचा' अशा चार-पाच जागाच निवडा. त्या कोणत्या?

सुरुवातीची मुद्रा आणि पहिले आठ ठोके. परीक्षक तुम्हाला मापतात ते इथेच.

कोरिओग्राफिक सीक्वेन्स, म्हणजे संगीतावर मोकळेपणी बसवलेल्या हालचालींची मालिका. ही सगळ्यात मोलाची जागा, आणि नवे लोक तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष देतात. तिला लेव्हल (अवघडपणाची पायरी) नसते. मूळ मूल्य 3.00 ठरलेलं, आणि दर्जाच्या प्रत्येक पायरीला 0.50. अधिक 4 मिळवलं तर 5.00 होतात, म्हणजे ट्रिपल लूपच्या मूळ मूल्यापेक्षा (4.90) थोडं जास्तच, आणि पडण्याचा धोका नगण्य. स्प्रेड ईगल, इना बावर, हायड्रोब्लेडिंग, गुडघ्यावर सरकणं, जे तुमच्या अंगात असेल ते इथे आणा. स्टेप सीक्वेन्समध्ये (पावलांच्या मालिकेत) मात्र हात आखडता घ्या. तिथे लेव्हल मिळते ती टर्न्स आणि ब्लेडच्या कडांच्या स्पष्टतेवर. हातवाऱ्याच्या नादात रॉकर आणि काउंटर हे टर्न्स बोथट झाले की लेव्हल 4 ची 3 होते.

शेवटच्या जंपनंतरचा भाग. दुसऱ्या अर्ध्यातल्या शेवटच्या जंप्सना (फ्रीमध्ये तीन, शॉर्टमध्ये एक) 10 टक्के बोनस असतो. म्हणून त्या होईपर्यंत दम राखायचा आणि नंतर सैल सोडायचं.

शेवटची मुद्रा. संगीताच्या शेवटच्या ठोक्यावर, नंतर नव्हे.

आणखी एक गोष्ट नव्यांच्या लक्षात येत नाही. आंतरराष्ट्रीय मापाची रिंक 60 मीटर बाय 30 मीटर असते आणि परीक्षक एका लांब बाजूला बसतात. तुम्ही पलीकडच्या कडेला असाल तर भुवई उडवलेली तिथपर्यंत पोचत नाही, बोटांची नजाकतही नाही. पोचते ती खांद्यांची रेषा, पाठीचा बाक, मानेचा कोन आणि थांबण्याची वेळ. चेहऱ्याची कामं परीक्षकांच्या बाजूला ठेवा, पाठीची कामं पलीकडे. तक्त्यातला 'नजर' रकाना त्यासाठीच आहे. प्रत्येक जागेसमोर लिहा: परीक्षक, कोपरा, वर की बर्फाकडे.

3. चेहरा कोरा ठेवण्याच्या जागा

तक्त्यात लाल शाईने खुणा करायच्या त्या याच. प्रत्येक जंपच्या आधीचे दोन ठोके आणि लँडिंगनंतरचा एक पूर्ण ठोका इथे नखरा बंद. कारण सरळ यांत्रिक आहे.

लुट्झ ही जंप घ्या. लांब मागची बाहेरची कड धरून यायचं असतं. त्या कडेवर डावा हात झोकात फिरवला की खांदा उघडतो, कंबर त्याच्यामागे जाते, आणि पिक (ब्लेडच्या टोकाचे दात) मारायच्या क्षणी कड आतल्या बाजूला लोळते. तांत्रिक पॅनेल (घटक तपासणारे पंच) कडेची खूण लावतं, मूळ मूल्य 80 टक्क्यांवर येतं आणि दर्जाही घसरतो. ट्रिपल लुट्झचे 5.90 तिथेच 4.72 होतात. सवय लागली की सुटायला महिने जातात.

अ‍ॅक्सेलवर उडताना मान प्रेक्षकांकडे लवकर वळली की अक्ष कलतो. लँडिंगवर घाईने हसून हात पसरले की मोकळी बाजू उघडते, कड आत वळते आणि वेग मरतो. म्हणून लँडिंग धरून मनात 'एक, दोन' म्हणा, मग काय करायचं ते करा.

हात वर नेऊन मारलेल्या जंप्स दिसायला झकास. एक हात वर नेण्याची लकब ब्रायन बॉइटानोच्या नावाने ओळखली जाते, दोन्ही हातांची अ‍ॅडम रिपनच्या. पण हात अंगापासून दूर गेले की फिरण्याचा वेग कमी होतो, आणि पाव फेरा कमी पडला तरी पॅनेलच्या नजरेतून सुटत नाही. पाव फेऱ्यावर 'क्यू' ही खूण लागली तर मूळ मूल्य शाबूत राहतं, दर्जा मात्र कापला जातो. त्याहून जास्त कमी पडलं तर मूल्य 80 टक्के. अर्धा फेरा किंवा त्याहून जास्त कमी पडला तर एक फेरा कमी असलेल्या जंपचं मूल्य. सरावात तीच जंप साध्या हातांनी दहापैकी आठदा स्वच्छ येत नसेल तर हात खालीच ठेवा. आणि आल्या तरी प्रोग्रॅममध्ये दोन पुरेत. सातही जंप्सना हात वर म्हणजे वैविध्य उरलं नाही.

4. बर्फावरचा तास कसा वाटायचा

एक तासाचं फ्रीस्टाइल सेशन धरू. दहा मिनिटं कडा आणि स्ट्रोकिंग, वीस मिनिटं जंप्स, दहा स्पिन्स, पंधरा प्रोग्रॅम, आणि राहिलेली पाच फक्त अदेसाठी. ही पाच मिनिटं रोज, वेळ लावून. त्यात जंप नाही, फक्त तक्त्यातली एक जागा पुन्हा पुन्हा. ठसक्याचे लोक यालाच कंटाळतात, कारण 'हे मला येतंच'. येतं, पण दर वेळी वेगळं येतं. परीक्षकाला दाखवायचं ते दमलेल्या पायांवर, 3 मिनिटं 20 सेकंदांवरही तसंच यायला हवं.

रन-थ्रू तीन प्रकारचे ठेवा आणि त्यांची सरमिसळ करू नका.

कोरडा: सगळे घटक, हावभाव जवळजवळ शून्य. जंपच्या वाटा आणि वेग तपासायला.

भावाचा: जंपच्या जागी नुसती खूण किंवा वॉल्ट्झ जंप (अर्ध्या फेऱ्याची सोपी), बाकी सगळं पूर्ण जोशात. श्वास कुठे घ्यायचा ते इथे सापडतं.

भरलेला: दोन्ही एकत्र. पडलात तरी थांबायचं नाही, प्रशिक्षकाकडे बघायचं नाही, मागे जाऊन पुन्हा जंप मारायची नाही.

हंगामात आठवड्याला भरलेले तीन तरी व्हावेत. स्वभावाने नाटकी असलेली मुलं चौथी जंप चुकली की प्रोग्रॅम सोडून देतात, हात आपटतात, बोर्डाला लाथ मारतात. ती सवय स्पर्धेत जशीच्या तशी उतरते. नियम करा: संगीत संपेपर्यंत प्रोग्रॅम चालू. पडल्यावर उठायला किती सेकंद लागले आणि पुढची कोणती नोंद गाळून संगीतात परत शिरलात, तेही तक्त्यात लिहा.

भरलेल्या रन-थ्रूचा व्हिडिओ घ्या, आणि तो दोनदा पाहा. पहिल्यांदा आवाज बंद करून. संगीत नसताना जे हातवारे उगाच वाटतात ते उगाचच असतात, काढून टाका. दुसऱ्यांदा आवाजासकट, पण फक्त खांदे आणि डोकं पाहत.

एक शिस्त दुसऱ्यांसाठीही आहे. ज्याचं संगीत लागलेलं असतं त्याला वाट द्यायची. बऱ्याच रिंकवर त्याने रंगीत पट्टा किंवा जॅकेट घातलेलं असतं. मधोमध उभं राहून मुद्रा जमवणारा सगळ्यांना धोका असतो.

भारतात असाल तर बर्फ हीच पहिली अडचण. डेहराडूनची हिमाद्री रिंक 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली, गुरुग्रामला मॉलमधली रिंक आहे, सिमल्याची नैसर्गिक रिंक थंडीपुरती. मुंबई-पुण्यातल्या स्केटरने बर्फाच्या फेऱ्या तांत्रिक कामासाठी राखाव्यात आणि तक्त्यातला अदेचा भाग घरीच, जमिनीवर, आरशासमोर बसवावा. इनलाइन फिगर फ्रेमवर कडा आणि रचना बऱ्यापैकी घोटून होते. स्पिन आणि जंपची वेळ मात्र बर्फावर पुन्हा जुळवावी लागते.

5. संगीत आणि पोशाख

2014-15 पासून एकेरीत आणि जोड्यांतही शब्दांची गाणी चालतात. हिंदी गाणंही चालेल, परकं वाटायचं कारण नाही. 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट या आइस डान्सच्या जोडीने ओरिजिनल डान्स (तेव्हाची एक फेरी) बॉलिवूडच्या गाण्यांवर केला आणि रौप्यपदक घेऊन गेले. फक्त गाणं निवडताना एक तपासा: त्यात चढ-उतार आहेत का? चार मिनिटं एकाच जोरात वाजणारं गाणं भपकेबाज स्केटरचा घात करतं. ऊर्जेतला फरक हा प्रेझेंटेशनचा निकष आहे, आणि सतत वरच्या पट्टीत राहिलं की तो दिसतच नाही. मध्ये तीस-चाळीस सेकंद संथ जागा हवीच. दमही तिथेच परत मिळतो.

पोशाखाबाबत आयएसयूचं म्हणणं असं की तो सभ्य, खेळाला साजेसा असावा, भडक किंवा नाटकी नसावा, अंगप्रदर्शन वाटू नये. प्रॉप्स चालत नाहीत. उल्लंघन झालं तर 1 गुण वजा. पोशाखाचा किंवा केसांतल्या अलंकाराचा तुकडा बर्फावर पडला तरी 1 गुण वजा. पिसं, सैल शिवलेली फुलं, केसांतले खडे यांची परीक्षा घरी हिसके देऊन घ्या.

शिवून घेताना शिंप्याला एवढं सांगा: आतल्या दंडावर आणि तळहाताच्या रेषेत खडे नकोत, कारण जंपमध्ये हात छातीशी आवळले की ते कापडात अडकतात. बीलमनसारखी (पाय मागून डोक्यावर धरून फिरायची) स्थिती असेल तर पाय धरताना बाही वर सरकून ताणते, म्हणून बगलेत जादा कापड सोडा. खड्यांचं वजन दोन्ही बाजूंना सारखं ठेवा. स्पर्धेच्या आधी पूर्ण पोशाखात निदान तीन भरलेले रन-थ्रू करा. पोशाख पहिल्यांदा स्पर्धेतच अंगावर चढवणं ही नव्यांची हमखास चूक.

प्रॉप्स, विनोद, टोप्या याशिवाय चैनच पडत नसेल तर अमेरिकेत 'शोकेस' नावाचा वेगळा स्पर्धा प्रकार असतो. तिथे प्रॉप्स चालतात. वर्षातून एक-दोन शोकेस कराव्यात. मग मुख्य प्रोग्रॅममध्ये सगळंच कोंबायची खुमखुमी उरत नाही.

6. शेवटचा शब्द कुणाचा

हंगामाच्या सुरुवातीलाच ठरवा: घटकांचा क्रम आणि अवघडपणा प्रशिक्षक ठरवणार, हावभाव कोरिओग्राफर आणि तुम्ही मिळून, आणि स्पर्धेच्या चौदा दिवस आधी सगळे बदल बंद. पालकांचा शब्द पोशाखाच्या बिलापुरता. बाल्कनीतून हात हलवून 'अजून हस' सांगणारे आई-बाबा हा रिंकवरचा जुना ताप आहे.

प्रशिक्षक निवडताना रंग झाकणारा नको, रंगाला चौकट देणारा हवा. अमेरिकेच्या जॉनी वेअरचं उदाहरण बोलकं आहे. 2006 च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये शॉर्टनंतर तो दुसरा होता. फ्री स्केटच्या दिवशी त्याची बस चुकली, उशिरा पोचला आणि पाचवा राहिला. 2007 मध्ये तो न्यू जर्सीला गॅलिना झ्मिएव्स्काया यांच्याकडे गेला, त्या कडक शिस्तीच्या. झगमग तशीच राहिली, आणि 2008 च्या जागतिक स्पर्धेत कांस्य आलं.

वजनावरून टोमणे मारणारा, उपाशी ठेवणारा प्रशिक्षक शिस्तीचा नसतो. तिथून लगेच बाहेर पडा.

7. कागदपत्रं आणि बॅग

कागदपत्रं: राष्ट्रीय संघटनेचं किंवा क्लबचं सदस्यत्व (अमेरिकेत यूएस फिगर स्केटिंग, भारतात आइस स्केटिंग असोसिएशन ऑफ इंडिया), जन्मतारखेचा दाखला, लागू असेल तिथे लेव्हल टेस्टच्या नोंदी, प्रवेश अर्ज, नियोजित घटकांचा तक्ता, आणि दम्याचं किंवा इतर नेहमीचं औषध असेल तर उत्तेजकविरोधी नियमांत ते चालतं का याची डॉक्टरांकडून खात्री. सीनियर आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी किमान वय 2024-25 पासून 17 आहे. ते 1 जुलैच्या आधी पूर्ण झालेलं असावं लागतं, तारीख नीट मोजा.

बॅगेत: संगीताची फाइल दोन ठिकाणी, लेसच्या दोन जादा जोड्या, स्क्रू ड्रायव्हर, सुई-दोरा आणि सेफ्टी पिना, पोशाखाच्या रंगाचा धागा, जादा टाइट्स, ब्लेड पुसायचं फडकं, गार्ड. लेसची चेष्टा करू नका. 1994 च्या लिलेहॅमर ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची टोन्या हार्डिंग लेसच्या भानगडीमुळे रडत परीक्षकांपुढे गेली आणि तिला नंतर पुन्हा स्केट करावं लागलं. ब्लेडला धार स्पर्धेच्या आदल्या दिवशी लावू नका. निदान तीन-चार सेशन्स आधी लावा, म्हणजे कडा हाताळणीत येतात.

8. स्पर्धेचा दिवस

वॉर्म-अप सहा मिनिटांचा, बर्फावर सहापर्यंत स्केटर. क्रम आधीच ठरवा: एक फेरी, एक डबल, मग अवघड जंप्स प्रत्येकी एक किंवा दोनदा, एक स्पिन, कोरिओग्राफीची एकच जागा. प्रेक्षक पाहून इथेच सगळी अदा उधळणारे खूप असतात. शेवटचं एक मिनिट बोर्डाशी उभं राहून श्वास घ्या.

नाव पुकारल्यावर सुरुवातीच्या मुद्रेत यायला 30 सेकंद असतात. त्यापुढे 1 गुण जातो, आणि मिनिट उलटलं तर बाद. दोनदा वाकून नमस्कार, प्रशिक्षकाशी हस्तांदोलन, नाक शिंकरणं, पोशाख ओढणं, यात वेळ कसा जातो कळत नाही. प्रवेशसुद्धा घड्याळ लावून बसवा. बोर्डापासून मुद्रेपर्यंत 20 सेकंद.

संगीत संपल्यावर वाकायचं ते परीक्षकांकडे, मग समोर. फेकलेली फुलं वेचायला मुलं असतात.

9. गुणपत्रिका वाचायला शिका

निकालानंतर रडणं किंवा नाचणं उरकलं की प्रोटोकॉलचा कागद काढा. आधी घटकांच्या नावापुढच्या खुणा पाहा: कमी फेरा, चुकीची कड. त्या लाल शाईच्या जागांशी जुळवा. तिथे हातवारे शिरले होते का, व्हिडिओत लगेच दिसतं. मग कोरिओग्राफिक सीक्वेन्सचा दर्जा आणि प्रेझेंटेशन शेजारी ठेवा. प्रेझेंटेशन चांगलं पण सीक्वेन्स अधिक 1 वरच अडकला असेल तर बहुधा वेग कमी आहे किंवा बर्फाचा अर्धाच भाग वापरला गेलाय. सीक्वेन्स चांगला पण प्रेझेंटेशन मागे असेल तर उरलेल्या तीन मिनिटांत तुम्ही दिसतच नाही. अशा वेळी तक्त्यातल्या चार जागांची पाचवी करू नका, असलेल्या चारही लांबवा.

परीक्षक एकमेकांपासून फार दूर असतील, एकाचे 6.50 आणि दुसऱ्याचे 8.25, तर घाबरायचं कारण नाही. मोठ्या स्पर्धांत सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा गुण वगळूनच सरासरी काढतात. स्पर्धेनंतर परीक्षकांकडून अभिप्राय मिळायची सोय असेल तर तक्ता सोबत न्या आणि एकच प्रश्न विचारा: कोणत्या सेकंदाला तुमची नजर माझ्यावरून हटली?